नुसतं ‘पायथन’ म्हटलं तर ओ कोण देतं?

परवा ऑफिसमध्ये नुकतीच लागलेली एक मुलगी माझ्या डेस्कपाशी आली. कॉलेजातून बाहेर पडून जेमतेम चार महिने झालेत. म्हणाली, "सर, एक बावळट प्रश्न विचारू?"

असं कोणी म्हटलं की मी सावध होतो. बावळट प्रश्नांची उत्तरं देताना भल्याभल्यांची तारांबळ उडते, हा अनुभव आहे.

"हे पिप, पिप३ आणि पिप३.११ असं तीन-तीन वेळा का आहे? मी तिन्ही टाकून बघितली. तिन्ही चालतात. मग त्यातलं वापरायचं कुठलं?"

मी तिला खुर्ची दिली आणि अर्धा तास बोललो. बोर्डावर चौकोन काढले, बाण काढले. ती मान डोलवत होती. पण सगळं सांगून झाल्यावर माझ्याच लक्षात आलं की हे पुस्तकी उत्तर झालं. मला स्वतःला हे ज्या दिवशी कळलं तो दिवस मी तिला सांगितलाच नाही. सांगायला थोडी लाज वाटली. म्हणून आज शनिवारी निवांतपणे इथे लिहितोय.

आधी चौकोन आणि बाण, थोडक्यात. प्रोग्रॅमिंगशी संबंध नसलेल्यांनीही घाबरू नये, कारण ही सगळी भानगड नावांची आहे आणि नावांचे घोळ आपल्याला काही नवीन नाहीत.

आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत आहे. पेशव्यांचंच घ्या. बाळाजी विश्वनाथांचा मुलगा बाजीराव. त्याच्या हयातीत त्याला कोणी ‘पहिला बाजीराव’ म्हटलं असेल का? कसं म्हणणार, दुसरा यायचाच होता! १७९६ मध्ये त्याचा नातू गादीवर आला, त्याचंही नाव बाजीराव. मग आजोबा झाले ‘थोरले’ आणि नातू झाला ‘दुसरा’. गंमत म्हणजे आजही आपण नुसतं ‘बाजीराव’ म्हटलं तर डोळ्यांसमोर घोड्यावरचे आजोबाच येतात. नातवाचं नाव घेताना मात्र ‘दुसरा’ म्हणावंच लागतं.

पायथन या भाषेचं अगदी हेच झालं. ३ डिसेंबर २००८ ला पायथन ३.० आलं. हे नुसतं पुढचं व्हर्जन नव्हतं. भाषेतल्या जुन्या चुका निस्तरण्यासाठी जाणूनबुजून केलेली मोडतोड होती. जुने प्रोग्रॅम त्यावर जसेच्या तसे चालणार नव्हते. त्यामुळे लोकांनी जुनं काढून नवं घातलं नाही, दोन्ही शेजारी-शेजारी ठेवली. आणि प्रश्न उभा राहिला, की टर्मिनलवर कोणी नुसतं ‘पायथन’ असं टाइप केलं तर ओ कोणी द्यायची? आजोबांनी की नातवानं?

बऱ्याच जणांनी म्हटलं, आजोबांनी. नातवाला हाक मारायची तर ‘पायथन३’ म्हणा. पण आर्च लिनक्सवाल्यांनी २०१० मध्येच नुसतं नाव नातवाला देऊन टाकलं. एका मशीनवर ‘पायथन’ म्हणजे एक, दुसऱ्या मशीनवर दुसरंच. मग २०११ मध्ये पायथनवाल्यांनी या एकाच प्रश्नावर एक दस्तऐवज लिहायला घेतला. त्याचा नंबर ३९४. सार असं की ‘पायथन२’ आणि ‘पायथन३’ ही दोन नावं स्पष्ट असू द्या, आणि नुसतं ‘पायथन’ तूर्तास दोनकडे बोट दाखवू दे. ते ‘तूर्तास’ बरीच वर्षं चाललं. पुढे त्यातच सूट दिली गेली, की ज्यानं त्यानं आपापलं ठरवावं.

१ जानेवारी २०२० ला पायथन २ चा अधिकृत सांभाळ संपला. पण तोवर नुसत्या नावाची इतकी धास्ती बसली होती की काहींनी ते नाव कोणालाच दिलं नाही. २०१९ साली आलेल्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ मध्ये तुम्ही स्वतः ठरवून दिल्याशिवाय नुसत्या ‘पायथन’ला कोणी ओच देत नाही. उबुंटू २०.०४ मध्येही तेच. तिथे नुसतं नाव हवं असेल तर एक छोटं पॅकेज टाकायचं, आणि त्या पॅकेजचं नाव काय, तर ‘पायथन-इज-पायथन३’! नाव नव्हे, प्रतिज्ञापत्रच. :-)

इथवर भाषेचं झालं. खरी गंमत पुढे आहे. भाषा दोन झाल्या की त्या भाषेत लिहिलेली सगळी टूल्सही दोन-दोन होतात.

टूल म्हणजे टर्मिनलवर नाव टाइप केलं की चालणारा छोटा प्रोग्रॅम. पायथनमध्ये असं टूल इन्स्टॉल करायचं काम पिप करतं. पिप काय करतं, तर टूलचा मुख्य कोड पायथनच्या फोल्डरमध्ये ठेवतं आणि ‘बिन’ नावाच्या फोल्डरमध्ये टूलच्या नावाची एक चिमुकली फाइल लिहितं. या फाइलच्या पहिल्या ओळीत एक पत्ता असतो. त्या ओळीला शबँग म्हणतात. ‘मला अमुक ठिकाणच्या पायथनकडून चालवा’ एवढंच ती सांगते. आणि तो पत्ता कोणता? ज्या पायथननं पिप चालवलं, त्याचा.

म्हणजे पायथन ३ च्या पिपनं टूल टाकलं तर त्या फाइलीत ३ चा पत्ता. नंतर तेच टूल २ च्या पिपनं टाकलं तर २ चा पत्ता. दोन्ही पिप एकाच बिन फोल्डरमध्ये लिहीत असतील तर दुसऱ्याची फाइल पहिल्याच्या फाइलीवर बसते. नाव तेच. विचारणं नाही, सांगणं नाही, एखादी वॉर्निंगही नाही. जो शेवटी आला, नाव त्याचं.

पिप स्वतःपुरतं मात्र हुशार आहे. स्वतःला टाकताना ते पिप, पिप३, पिप३.११ अशी नंबरवार नावं ठेवतं, म्हणजे कोणी कोणावर बसलं तरी नंबरवालं हाताशी राहतं. आमच्या नव्या मुलीला दिसलेली तीन नावं ती हीच. बाकीच्या टूल्सना ही सोय नाही. त्यांचं नाव लेखकानं ठेवलं तेवढंच.

आता लाज वाटणारी गोष्ट.

२०१६ साल. तेव्हा मी दुसऱ्या एका कंपनीत होतो. कंपनीत रात्रपाळीला जुनी कागदपत्रं स्कॅन करून त्यांची नोंद करायचं काम चालायचं. सत्तावीस माणसं, सगळी कंत्राटी. पगार तासावर. दारात कार्ड पंच करायचं, आत किती वाजता, बाहेर किती वाजता, त्यावरून मिनिटं काढायची, मिनिटांचे तास करायचे आणि तासांचे पैसे. हे आधी एक जण एक्सेलमध्ये करायचा. तो सोडून गेला तेव्हा एचआरनं मला विचारलं, आणि मी एका शनिवार-रविवारात एक टूल लिहून दिलं. नाव ठेवलं ‘तास’. छोटं, सोपं, मराठी. स्वतःवरच खूश झालो होतो.

सर्व्हरवर दोन पायथन होती. सिस्टिमचं २.७ आणि आम्ही नंतर टाकलेलं ३. सिस्टिमच्या पायथनला हात लावायची सोय नव्हती, कारण त्या सर्व्हरवर सॉफ्टवेअर टाकण्याचं यम हे टूलच त्यावर चालायचं. मी पिप३ वापरून ‘तास’ टाकलं, तपासलं, काम झालं. सोबत एक मदतीची फाइल लिहिली. त्यात एक ओळ: अपडेट करायचं असेल तर ‘पिप इन्स्टॉल’ अमुक तमुक.

नुसतं पिप. कारण माझ्या लॅपटॉपवर पिप म्हणजे ३ चं पिप. लिहिताना मनात दुसरं काही आलंच नाही.

दोन महिन्यांनी सुट्ट्यांची यादी बदलली, मी कोडमध्ये चार ओळी बदलल्या आणि सर्व्हर सांभाळणाऱ्या मित्राला सांगितलं, अपडेट कर. त्यानं माझी फाइल उघडली आणि लिहिलं होतं तसंच केलं. सर्व्हरवर नुसतं पिप म्हणजे २.७ चं पिप. ‘तास’ या नावाच्या फाइलीवर ‘तास’ याच नावाची दुसरी फाइल बसली.

टूल बंद पडलं असतं तर बरं झालं असतं. बंद पडलं नाही. माझा कोड इतका साधा होता की तो दोन्हीकडे चालायचा. फक्त एका ठिकाणी फरक होता, भागाकारात. पायथन ३ मध्ये ५२० भागिले ६० म्हणजे ८.६६. पायथन २ मध्ये ५२० भागिले ६० म्हणजे ८. दोन्ही आकडे पूर्णांक असले तर जुनं पायथन उत्तरही पूर्णांकच द्यायचं, वरची मिनिटं गिळून टाकायचं. हे काही गुपित नव्हतं. २००१ पासून त्यावर उपायही होता, फाइलीच्या डोक्यावर एक ओळ लिहिली की जुनं पायथनही नव्यासारखा भागाकार करायचं. मी ती ओळ लिहिली नव्हती, कारण माझं टूल पायथन ३ साठी होतं ना!

पुढच्या महिन्याच्या पगारानंतर एचआरकडून निरोप आला की रात्रपाळीच्या एक बाई म्हणतायत तास कमी लागलेत, जरा बघ. संध्याकाळी त्या पाळीवर आल्या तेव्हा मी खाली जाऊन भेटलो. चाळिशीच्या असतील. हातात एक दोनशे पानी वही. रोजची तारीख, आत येण्याची वेळ, बाहेर पडण्याची वेळ, सगळं बॉलपेननं नीट लिहिलेलं.

"सर, स्लिपवर दोनशे आठ तास आलेत. माझे सव्वादोनशे होतात."

मी त्यांच्या एका दिवसाच्या वेळा घेतल्या. रात्री दहा पाचला आत, सकाळी पावणेसातला बाहेर. जागेवर जाऊन माझ्या लॅपटॉपवर ‘तास’ चालवलं. ८.६७. बरोबर. परत खाली आलो आणि सांगितलं, "मॅडम, हिशोब बरोबर येतोय. मी आत्ताच चालवून बघितलं."

त्यांनी जरा विचार केला आणि विचारलं, "सर, तुमच्या कॉम्प्युटरवर जे आहे तेच तिकडे चालतं ना?"

"हो, तेच. एकच टूल आहे. ‘तास’ नावाचं."

हे वाक्य मी आजही विसरलेलो नाही. कारण त्या बाईंनी अगदी नेमका प्रश्न विचारला होता. वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये घालवलेला माणूस विचारणार नाही इतका नेमका. आणि मी त्याला उत्तर म्हणून एक नाव सांगितलं. नाव एकच आहे, म्हणजे वस्तू एकच आहे.

एचआरला मी कळवलं की टूलमध्ये काही चूक नाही, पंचमध्येच काहीतरी सुटत असेल. मग एचआरनं त्यांना समज दिली, की कार्ड नीट पंच करत जा. म्हणजे हिशोब माझा चुकलेला आणि समज त्यांना.

तिसऱ्या महिन्यात मी भलत्याच कामासाठी त्या सर्व्हरवर गेलो होतो. सहज ‘तास’ चालवलं. पडद्यावर सत्तावीस माणसांची रोजची यादी आली. ८, ८, ९, ८, ८, ७, ८... मी कॉफीचा घोट घेता घेता थांबलो. सगळेच्या सगळे आकडे गोल. एकाच्याही पुढे दशांश नाही. सत्तावीस माणसं, महिनाभर, रोज बरोब्बर तासाच्या ठोक्याला बाहेर पडतील? माणसं इतकी गोल नसतात.

फाइल उघडून पहिली ओळ बघितली. २.७ चा पत्ता.

हिशोब केला. त्या बाईंच्या वहीत रोजचे साधारण आठ तास चाळीस मिनिटं होते. चाळीस मिनिटं रोज गेली. सव्वीस दिवसांची एक हजार चाळीस मिनिटं, म्हणजे सतरा तास वीस मिनिटं. ताशी साठ रुपयांनी एक हजार चाळीस रुपये. दर महिन्याला. आणि असे सत्तावीस जण, कोणाचे कमी, कोणाचे जास्त. रात्री जागून केलेल्या कामाचे पैसे एका भागाकाराच्या चिन्हात अडकून बसले होते, आणि ते चिन्ह मी लिहिलेलं.

त्याच दिवशी साहेबांना जाऊन सांगितलं. कंपनीनं ऐकून घेतलं आणि पुढच्या पगारात सगळ्यांचा फरक दिला, हे कंपनीच्या बाजूनं सांगायलाच हवं. पण त्या बाई तोवर काम सोडून गेल्या होत्या. का सोडलं ते मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही म्हणा. कंत्राटदाराकडून नंबर घेऊन फोन केला.

मी सगळं सांगितलं. शक्य तितकं सोपं करून. त्या म्हणाल्या, "म्हणजे दोन होती का?"

"हो. नाव एकच होतं. होती दोन."

"मी विचारलं होतं सर तुम्हाला."

"हो. विचारलं होतं."

मग थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "बरं. पैसे खात्यात कधी येतील?" मी तारीख सांगितली. त्यांनी ती लिहून घेतली असावी, कारण मधे थोडा वेळ गेला. पैसे त्या तारखेच्या आधी जमा झाले. तेवढं मी रोज मागे लागून बघितलं.

त्यानंतर काही दिवस मी झपाटल्यासारखा एकाच गोष्टीमागे होतो. बाकीच्या भाषांची मंडळी हा नावांचा घोळ कसा निस्तरतात? आणि लक्षात आलं की बहुतेक सगळे कधी ना कधी याच खड्ड्यात पडलेले आहेत.

सरळ उपाय म्हणजे नावात नंबर घालणं. डेबियनमध्ये रुबी भाषेचं ‘रुबी१.८’ आणि ‘रुबी१.९.१’ असं होतं. छान वाटतं ना? पण तो १.९.१ हा आकडा रुबीच्या आतल्या जोडणीच्या व्हर्जनचा होता. ती जोडणी पुढे तशीच राहिली, रुबी मात्र पुढे गेली. शेवटी अशी वेळ आली की ‘रुबी१.९.१’ला विचारावं, बाई तुझं व्हर्जन काय, तर ती सांगायची १.९.३! पुण्यातल्या नव्या पुलासारखं झालं. १९२३ चा पूल, शंभरी उलटली, आणि तोंडातून अजून ‘नवा पूल’च येतं. पाटीवर शिवाजी पूल लिहिलंय ते वेगळंच.

नंबरात आणखी एक मेख आहे. नंबर कोणाचा? टूलचा की भाषेचा? ‘आयपायथन३’ नावाची कमांड होती. त्यातला ३ म्हणजे पायथन ३. पण फेब्रुवारी २०१५ मध्ये खुद्द आयपायथनचंच ३.० व्हर्जन आलं, आणि ते पायथन २ वरही चालायचं. आता ‘माझ्याकडे आयपायथन ३ आहे’ या वाक्याचा अर्थ लावा बघू. उलट ‘जिंजा२’ या लायब्ररीतला २ तिचा स्वतःचा. २०२१ मध्ये तिचं ३.० आलं तरी पॅकेजचं नाव आजही जिंजा२.

रुबीच्या जेमवाल्यांनी एक वेगळी सोय केली होती. इन्स्टॉल करताना एक पर्याय द्यायचा, मग तुमच्या रुबीच्या नावाला जी शेपटी असेल तीच टूलच्या नावाला लागते. रुबी जर ‘रुबी१८’ असेल तर टूल होतं ‘अमुक१८’. मला हे फार आवडलं होतं. पण पर्याय म्हणजे कोणीतरी आठवणीनं द्यायला हवा. आठवण ठेवणारा माणूस असता तर प्रश्न कशाला आला असता?

पर्लवाल्यांनी सगळ्यात धाडसी गोष्ट केली. पर्ल ६ ही मुळात पर्ल ५ पेक्षा इतकी वेगळी झाली होती की नंबर वाचून लोक फसायचे. त्यांना वाटायचं ५ जुनं, ६ नवं. शेवटी ऑक्टोबर २०१९ मध्ये तिचं नावच बदलून ‘राकू’ केलं. धाकट्या भावाला स्वतःचं नाव मिळालं आणि थोरला नुसता पर्ल राहिला. उशिरा सुचलेलं, पण शहाणपण.

आणि नोडचा किस्सा तर न्याराच. डेबियनमध्ये ‘नोड’ हे नाव आधीच हौशी रेडिओवाल्यांच्या एका प्रोग्रॅमनं घेतलेलं होतं. त्यामुळे तिथे नोडला हाक मारायची तर ‘नोडजेएस’ म्हणावं लागायचं. जगभरचे प्रोग्रॅम ‘नोड’ म्हणून हाका मारतायत आणि डेबियनवर ओ देणारा कोणी भलताच! २०१२ मध्ये हे प्रकरण डेबियनच्या तांत्रिक समितीपर्यंत गेलं होतं. नावापुढच्या रांगेत आधी कोण उभं होतं यावरून समिती बसते म्हणजे बघा.

या सगळ्यातून मी माझ्यापुरते काही नियम काढले. फार मोठे नाहीत.

पहिला: मदतीच्या फाइलीत नुसतं नाव लिहायचं नाही. ‘पिप इन्स्टॉल’ नाही, ‘पायथन३ -एम पिप इन्स्टॉल’. बोटांना चार अक्षरं जास्त पडतात. पण यात आधी कोणाला हाक मारतोय ते सांगितलं जातं, मग काम. गल्लीत उभं राहून नुसतं "अमोल!" ओरडलं तर तीन खिडक्या उघडतात. "कोपऱ्यावरच्या गिरणीवाल्यांचा अमोल" म्हटलं की एकच.

दुसरा: माणसानं टाइप करायचं नाव छोटं चालेल, कारण समोर माणूस आहे, चुकलं तर बघेल. पण रात्री दोन वाजता क्रॉनमधून जे आपोआप चालतं, तिथे पूर्ण पत्ता. तिथे बघायला कोणी नसतं.

तिसरा: टूलच्या नावात भाषेचा नंबर घालायचा नाही. त्याऐवजी प्रत्येक टूलला स्वतःचं वेगळं घर द्यायचं, म्हणजे व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट. आता पिपएक्स हे काम आपोआप करतं. टूल त्याच्या घरात, बाहेर फक्त नावाची पाटी. २०२३ च्या डेबियन १२ पासून तर सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपनं काही टाकायला गेलात की ते सरळ अडवतं. लोक त्यावर करवादतात. मला मात्र ते अडवणं पाहून बरं वाटतं. २०१६ साली माझ्या मित्राला कोणीतरी असं अडवायला हवं होतं.

चौथा नियम मशीनसाठी नाही, माझ्यासाठी आहे. कोणी येऊन म्हणालं की माझ्याकडे वेगळं दिसतंय, तर ‘माझ्याकडे बरोबर येतंय’ हे उत्तर द्यायचं नाही. माझ्याकडे बरोबर येणं हा पुरावाच नव्हे. त्यानं एवढंच कळतं की माझ्याकडे काय आहे. आधी विचारायचं, तुमच्याकडे ओ देतंय ते कोण? आणि ते त्यांच्या जागेवर जाऊन बघायचं. आमच्या धंद्यात या प्रश्नाला एक पाच अक्षरी इंग्रजी कमांडच आहे, ‘विच’. ती टाइप केली की कुठली फाइल चालणार ते कळतं. दोन सेकंदांचं काम. तेव्हा मी ते केलं नाही, कारण मला वाटलं नाव म्हणजे उत्तर.

काल संध्याकाळी ती नवी मुलगी परत आली. तिनं एक छोटं टूल लिहिलंय, टेस्टिंगच्या टीमसाठी. म्हणाली, "सर, मदतीच्या फाइलीत मी नुसतं पिप लिहिलं नाहीये, पूर्ण लिहिलंय." मी म्हटलं, शाब्बास. मग तिला विचारलं, टूल चालवल्यावर पहिली ओळ काय छापतं?

"काही नाही, सरळ रिझल्ट."

तिला सांगितलं, पहिल्या ओळीत त्यानं स्वतःची ओळख छापू दे. कुठलं पायथन, कुठल्या फोल्डरमधून, टूलचं व्हर्जन कोणतं. माझी सगळी टूल्स छापतात. दिसायला वाईट दिसतं, दर महिन्याला कोणीतरी येऊन ‘ती ओळ काढा ना’ म्हणतंच. मी काढत नाही.

"पण ती ओळ वाचणार कोण, सर?"

प्रश्न बावळट नव्हता. रोज कोणीच वाचत नाही, खरं आहे. पण एखाद्या दिवशी कोणाच्या तरी वहीतला आकडा आणि पडद्यावरचा आकडा जुळत नाही. त्या दिवशी ती ओळ त्या माणसाच्या बाजूनं बोलते.

मग खुर्ची ओढून घेतली आणि रात्रपाळीच्या बाईंची गोष्ट तिलाही सांगितली. या वेळी चौकोन नाहीत, बाण नाहीत.